ध्वनीच्या साह्याने आतड्याची परीक्षा



बाजारात मडके विकत घेणारा मनुष्य केवळ त्याच्या रंगारूपावर विसंबत नाही. तो त्यावर बोटाने टिचकी मारतो आणि कान देऊन ऐकतो. नाद खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कोठे तरी चीर गेलेली आहे असे तो समजतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते नादावरून ओळखण्याची ही युक्ती कुंभारवाड्याइतकीच जुनी आहे. व्हिएन्ना येथील वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर याने १७६१ साली हीच युक्ती मनुष्याच्या छातीला लावून दाखविली. छातीवर बोटांनी ठोकले असता येणाऱ्या आवाजावरून आत पाणी साचले आहे की काय, हे ताडता येते, असे त्याने प्रतिपादन केले. रोगनिदानाच्या कामी ध्वनीची जी योजना त्या वेळी सुरू झाली, तिचेच आजचे प्रगत रूप म्हणजे सोनोग्राफी होय.

सोनोग्राफी हा शब्द आज लहानशा गावातही कोणाला अपरिचित नाही. गर्भातील बालकाची वाढ पाहणे, मूत्रपिंडातील अथवा पित्ताशयातील खडे शोधणे, यांसाठी ती केली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच यंत्राने आतड्याच्या भिंतीची परीक्षा करता येते, आणि आतड्याला जडलेला दीर्घकालीन दाह ओळखण्यास व त्याच्यावर नजर ठेवण्यास तिचा मोठा उपयोग होतो, ही गोष्ट मात्र पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही स्थिती आहे.

प्रथम या विकाराचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे प्रमुख प्रकार दोन. एकाला क्रोनचा रोग म्हणतात, दुसऱ्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून आरंभ करून मोठ्या आतड्यात अखंड वर सरकत जातो आणि मुख्यतः आतील नाजूक अस्तरालाच ग्रासतो. क्रोनच्या रोगाची चाल निराळी आहे. तो मुखापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही ठाण मांडू शकतो. तथापि लहान आतड्याचा शेवटचा भाग, जेथे ते मोठ्या आतड्याला मिळते, हे त्याचे आवडते स्थान. मध्ये निरोगी भाग सोडून तो तुकड्यातुकड्यांनी पसरतो आणि आतड्याच्या भिंतीचे सर्व थर पोखरतो. कालांतराने तेथे आतडे आकुंचित होऊन अन्नाला अडथळा होतो, गळू धरते, किंवा एका आतड्यातून दुसऱ्यात नाडीव्रणाची वाट पडते. या दोन्ही विकारांत शरीराची संरक्षक यंत्रणा जणू आपल्याच आतड्यावर उलटते. त्यांचे संपूर्ण कारण एका शब्दात सांगता येत नाही. आनुवंशिकता, आतड्यातील सूक्ष्मजंतूंचे बिघडलेले संतुलन आणि राहणीमान या सर्वांचा त्यात हात आहे.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. हे दुखणे बहुधा येतेही मुंगीच्याच पावलांनी. पोटात मुरडा, वरचेवर शौचास होणे, कधी रक्त पडणे, अंगी बारीक ताप, उतरत जाणारे वजन, अशी त्याची चिन्हे असतात. घरातील मंडळी त्याला आव म्हणतात, कोणी संग्रहणी म्हणतात, कोणी उष्णतेवर दोष ठेवून ताक व बेलफळ सुचवितात. शिवाय हा रोग पुष्कळदा ऐन तारुण्यात गाठतो. शिक्षण पुरे व्हायचे असते, नोकरी नुकतीच लागलेली असते, लग्नाची बोलणी चाललेली असतात. अशा वयात आपल्या शौचाविषयी चारचौघांत, किंबहुना आईबापांपाशीही, बोलण्याचा संकोच वाटतो. त्यामुळे महिनेच्या महिने, क्वचित वर्षेही, निदानावाचून जातात आणि तेवढ्या अवधीत आतड्याची हानी होत राहते. वेळेवर निदान होणे याला या रोगात जे महत्त्व आहे ते या कारणामुळे.

या रोगाचा आणि त्याच्या ध्वनिपरीक्षेचा इतिहास पाहू गेले असता एक चमत्कारिक योगायोग आढळतो. दोहोंच्या कथेत स्कॉटलंडमधील ग्लासगो शहर येते. तेथील शस्त्रवैद्य टॉमस केनेडी डालझील यांनी १९१३ साली आतड्याच्या अशा दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले, की जो क्षयासारखा दिसत होता पण क्षय नव्हता. त्यांच्या निबंधाकडे त्या काळी फारसे लक्ष गेले नाही. पुढे १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी चौदा रोग्यांच्या आधारे त्याच रोगाचे सविस्तर विवेचन केले. इंग्रजी वर्णानुक्रमाने क्रोन यांचे नाव पहिले आले आणि रोगाला तेच चिकटले. अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या आतड्यात याच रोगामुळे अडथळा आल्याने जून १९५६ मध्ये त्यांच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा सामान्य जनांच्या कानी हे नाव पडले. त्या काळी वैद्यांजवळ आतडे पाहण्याचे मुख्य साधन म्हणजे बेरियम पाजून घेतलेले क्ष-किरण चित्र. बाकीचे शस्त्राने पोट उघडल्यावर कळत असे.

आता ग्लासगोची दुसरी कथा. तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनल्ड यांना ठाऊक होते की बाष्पक तयार करणाऱ्या कारखान्यात लोखंडाच्या जाड पत्र्यातील चीर शोधण्यासाठी कानाला ऐकू न येणारा ध्वनी वापरतात. पोलादातील दोष जर असा सापडतो, तर पोटातील गाठ का सापडू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९५५ च्या जुलै महिन्यात शस्त्रक्रियेने काढलेल्या काही गाठी मोटारीत घालून ते ग्लासगोजवळच्या रेन्फ्रू येथील कारखान्यात गेले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. भरीव गाठीचा पडसाद वेगळा आणि पाणी भरलेल्या गाठीचा वेगळा, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याने यंत्र रचले आणि जॉन मॅकव्हिकर यांच्यासह या तिघांचा निबंध १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. त्यातील एका स्त्रीचे उदाहरण पुढे प्रसिद्धी पावले. जठराच्या कर्करोगाने तिचे दिवस भरले असे मानले जात होते. ध्वनिपरीक्षेत बीजकोशाची पाण्याने भरलेली मोठी गाठ दिसली, ती काढून टाकण्यात आली आणि स्त्री बरी झाली.

या परीक्षेमागील तत्त्व अवघड नाही. विहिरीत तोंड घालून हाक मारली की पडसाद येतो. पडसाद येण्यास लागलेल्या वेळावरून पाण्याचे अंतर काढता येईल. वटवाघूळ काळोखात याच रीतीने मार्ग काढते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील धर्मगुरू व निसर्गशास्त्रज्ञ लाझारो स्पालांझानी यांनी दाखविले की दृष्टी गेलेले वटवाघूळ सुखरूप उडते, परंतु कान बंद केलेले अडखळते. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २० हजारांपर्यंत कंपने ऐकू येतात. सोनोग्राफीत पोटासाठी सेकंदाला वीस लाखांपासून एक कोट किंवा त्याहूनही अधिक कंपनांचा ध्वनी वापरतात. शरीराच्या मृदू भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो आणि जेथे एक पदार्थ संपून दुसरा लागतो तेथून थोडा थोडा परत फिरतो. परत आलेल्या या पडसादांचेच यंत्र चित्र बनविते. यात क्ष-किरणांचा संबंध येत नाही. म्हणून गर्भवतीला, बालकाला किंवा ज्याला आयुष्यभर वारंवार तपासावयाचे आहे अशा रोग्याला ही परीक्षा निर्धोकपणे करता येते.

मात्र आतड्याच्या बाबतीत एक मोठी अडचण होती, ती वायूची. हवेचा थर आडवा आला की हा ध्वनी जवळजवळ सर्वच्या सर्व मागे फिरतो. त्वचा आणि यंत्राचा हातातील भाग यांच्यामध्ये बुळबुळीत लेप लावतात तो एवढ्याचसाठी, की मध्ये हवा राहू नये. आतड्यात तर वायू नेहमीचाच. त्यामुळे यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड पाहावे आणि आतडे सोडून द्यावे, असाच प्रघात पुष्कळ काळ होता. परंतु सुजलेले आतडे निरोगी आतड्याप्रमाणे राहत नाही. त्याची भिंत जाड होते आणि ते सहज दबत नाही. मग ते दिसू लागते. १९८६ साली नेदरलंड्समधील डॉक्टर प्युलार्ट यांनी अपेंडिक्सच्या दाहासंबंधी लिहिताना यंत्राचा हातातील भाग पोटावर हळूहळू, बेताने दाबीत जाण्याची पद्धत मांडली. दाबामुळे वायू बाजूला सरतो, निरोगी आतडे चेपले जाते आणि रोगट भाग ताठ राहून उघडा पडतो. या हातोटीमुळे जी गोष्ट अशक्य वाटत होती ती नित्याची झाली. पुढे विशेषतः जर्मनी व इटली या देशांतील वैद्यांनी ही विद्या वाढीस नेली.

या परीक्षेत वैद्य काय पाहतो? प्रथम भिंतीची जाडी. प्रौढ मनुष्याच्या निरोगी आतड्याची भिंत सामान्यतः ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसते. ती त्याहून जाड आढळली तर दाहाची शंका येते. मग भिंतीचे थर. चांगल्या यंत्रात एकाआड एक उजळ व काळसर असे पाच पट्टे दिसतात. तीव्र दाहात ते पुसट होतात किंवा एकमेकांत मिसळतात. तिसरी गोष्ट रक्तप्रवाह. १८४२ साली क्रिस्तियान डॉप्लर यांनी मांडलेल्या तत्त्वानुसार यंत्र वाहत्या रक्ताला पडद्यावर रंग देते. सुजलेल्या भिंतीत रक्ताची वर्दळ वाढलेली असल्याने तेथे रंगाचे ठिपके दाट दिसतात. याखेरीज आतड्याभोवतीची चरबी फुगली आहे काय, लसिकाग्रंथी मोठ्या झाल्या आहेत काय, आतडे कोठे आवळले जाऊन त्याच्या अलीकडचा भाग ताणला गेला आहे काय, गळू किंवा नाडीव्रण आहे काय, हेही पाहिले जाते. आतड्याची हालचालही प्रत्यक्ष चालू असताना दिसते.

येथे कोणी विचारील की गुदमार्गाने दुर्बीण घालून आतडे डोळ्यांनी पाहता येत असताना हा उपद्व्याप कशासाठी? दुर्बिणीचे महत्त्व कमी नाही. तिनेच अस्तरावरील व्रण दिसतात आणि तिच्याच साह्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी तुकडा काढता येतो. निदान पक्के करण्यास ती अवश्यच आहे. परंतु दुर्बिणीला दिसतो तो भिंतीच्या आतील बाजूचा गिलावा. पावसाळ्यात भिंतीत मुरलेली ओल पुष्कळदा गिलावा सुकल्यावरही आत राहते. क्रोनचा रोग भिंतीच्या आरपार जाणारा असल्याने सबंध भिंत पाहणे अगत्याचे ठरते, आणि ते ध्वनीने साधते. शिवाय दुर्बिणीसाठी आदल्या दिवशी रेचक घेऊन पोट स्वच्छ करावे लागते आणि पुष्कळदा गुंगीचे औषध घ्यावे लागते. असा प्रसंग दर दोन महिन्यांनी कोणावर आणता येईल? सोनोग्राफीला फारशी पूर्वतयारी लागत नाही. रोगी आपल्या पायांनी येतो आणि तपासणी आटोपून तसाच कामावर जातो.

या विद्येची कसोटी कठोर रीतीने घेतली गेलेली आहे. ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत क्रोनच्या २८४ रोग्यांवर एमआरआय आणि सोनोग्राफी यांची तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. लहान आतड्यात रोग असलेल्यांपैकी एमआरआयने शंभरात ९७ जणांचा रोग पकडला, सोनोग्राफीने ९२ जणांचा. रोग नेमका कोठवर पसरला आहे हे सांगण्यात एमआरआय ८० टक्के आणि सोनोग्राफी ७० टक्के यशस्वी ठरली. म्हणजे एमआरआय सरस खरेच. तथापि तिचा खर्च, तिला लागणारा वेळ आणि तिची दुर्मिळता लक्षात घेता सोनोग्राफीचे हे यश लहान नव्हे. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २२४ रोग्यांवर जर्मनीत केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की औषध लागू पडत असेल तर भिंतीची जाडी पहिल्या दोन आठवड्यांतच उतरू लागते. या रोगांवरील नवी औषधे महाग आहेत आणि ती सर्वांनाच लागू पडत नाहीत. लागू न पडणारे औषध सहा महिने घेत राहण्यापेक्षा ते वेळीच बदलता आले, तर पैसा वाचतो आणि आतडेही वाचते.

या परीक्षेच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गुदाशय श्रोणीत खोल असल्याने पोटावरून नीट दिसत नाही, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचा आरंभ तर तेथूनच होतो. लहान आतड्याचा वरचा भाग पाहणे कठीण जाते. स्थूल मनुष्यात चित्र अस्पष्ट येते. अल्सरेटिव्ह कोलायटिस बरीच वर्षे राहिला असता कर्करोगाचा धोका वाढतो; त्यासाठी ठरावीक काळाने दुर्बिणीनेच पाहावे लागते, सोनोग्राफीवर विसंबून चालत नाही. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की यंत्र कितीही उत्तम असले तरी तपासणाऱ्याचा हात व डोळा तयार असावा लागतो. ही तयारी पुस्तक वाचून येत नाही. शेकडो पोटे तपासल्यावर येते.

भारतात आणखी एक पेच आहे, तो क्षयाचा. जगातील क्षयरोग्यांचा सर्वांत मोठा वाटा आपल्या देशात आहे, आणि आतड्याच्या क्षयाचे आवडते स्थानही लहान व मोठ्या आतड्यांच्या संगमाचेच आहे. डालझील यांना १९१३ साली पडलेला प्रश्न आपल्याकडील वैद्यांपुढे आजही रोज उभा असतो. चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. क्रोनच्या रोग्याला क्षयाची औषधे दिली तर कित्येक महिने वाया जातात. क्षयाच्या रोग्याला प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली तर क्षय भडकतो. सोनोग्राफीत पोटात पाणी साचलेले आढळले किंवा मोठ्या लसिकाग्रंथींचा मधला भाग सडलेला दिसला, तर पारडे क्षयाकडे झुकते. तेवढ्यावर निकाल देता येत नाही. परंतु तुकडा कोठून काढावा आणि पुढची दिशा कोणती, हे ठरविण्यास त्याची मदत होते.

तेव्हा सामान्य मनुष्याने यातून ध्यानात काय ठेवावे? ‘पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे’ असा कागद पुष्कळांच्या घरी कपाटात असतो आणि त्याच्या भरवशावर ते निश्चिंत असतात. नेहमीच्या तपासणीत यकृत, पित्ताशय, प्लीहा, मूत्रपिंडे, मूत्राशय यांची रीतसर पाहणी होते. आतडे इंचाइंचाने पाहिले जातेच असे नाही. त्या कागदाने खडा नाही हे सांगितलेले असते, आतडे निर्दोष आहे हे सांगितलेले नसते. स्त्रीभ्रूणहत्येला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्र सरकारने १९९४ साली जो कायदा केला, त्याच्या चौकटीत प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद असावी लागते व ते नोंदलेल्या ठिकाणीच वापरावे लागते. हे बंधन योग्यच आहे. परंतु त्यामुळे आपल्याकडे पोटाच्या विकारांचा वैद्य स्वतः रोग्याच्या खाटेपाशी यंत्र फिरवीत बसलेला क्वचितच दिसतो; तो चिठ्ठी देतो आणि तपासणी दुसरीकडे होते. म्हणून त्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे याला महत्त्व येते. ‘पोट तपासावे’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘आतड्याची भिंत पाहावी, दीर्घकालीन दाहाची शंका आहे’ असे स्पष्ट लिहिले, तर तपासणारा त्यासाठी वेळ काढतो आणि योग्य तो बारीक तपासणीचा भाग यंत्राला जोडतो.

चार आठवड्यांहून अधिक काळ अतिसार चालू असेल, शौचावाटे रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागत असेल, वजन घटत असेल, वाढीच्या वयातील मुलाची उंची खुंटली असेल, तर घरगुती उपायांत दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे. रक्ताची व शौचाची तपासणी, सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास दुर्बीण, हा क्रम ते ठरवितील. निदान झालेल्या रोग्याने प्रत्येक तपासणीचा कागद तारीखवार जपून ठेवावा आणि शक्य तो एकाच तज्ज्ञाकडून पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे. कारण मागच्या खेपेला ६ मिलिमीटर असलेली भिंत या खेपेला ४ वर आली, हे सांगण्यासाठी मागचा आकडा हाताशी असावा लागतो. हे रोग समूळ जात नसले, तरी वेळीच ओळखल्यास आणि नीट नजरेखाली ठेवल्यास पुष्कळ रोगी शिक्षण, नोकरी व संसार सर्वसामान्य माणसांप्रमाणे करू शकतात. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे, की मुलगा किंवा मुलगी जेवणावरून उठून वारंवार शौचास जात असेल तर तिला रागे न भरता, किंवा त्याची थट्टा न करता, जवळ बसवून शांतपणे विचारावे. ज्या संकोचामुळे वर्षे जातात तो संकोच घरातूनच दूर होऊ शकतो.